लुंबिनीचा उजवा डोळा

काडी वातीला लागलीच नाही. वातीच्या बोटभर अलीकडे ती हवेतच जळत राहिली, आणि लुंबिनी मात्र मेणबत्ती पेटायची वाट पाहत तशीच वाकून उभी होती.

सहा डिसेंबरची सकाळ. टेबलावर निळे कापड, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर दोन मेणबत्त्या. घरात मेणबत्ती लुंबिनीनेच लावायची हे ती शाळेत जायला लागली तेव्हापासून ठरलेले. आता ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची, पण या दिवशी घरी यायचीच. तिची आई दीपमाला मागे हात जोडून उभी होती. काडी बोटाशी आली तेव्हा लुंबिनीने ती झटकली.

"वारा आहे यार," ती म्हणाली. दुसरी काडी ओढली, डाव्या हाताने मेणबत्ती चाचपून धरली आणि मग कुठे वात पेटली.

वारा? दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्या नव्या सरकारी टॉवरमधल्या फ्लॅटच्या खिडक्या दिवाळीपासून धुरक्यामुळे बंद होत्या. पडदासुद्धा हलत नव्हता. दीपमालाने त्रिसरण म्हटले, पंचशील म्हटले, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

एक काडी चुकली म्हणून एवढे काय, असे तिने स्वतःला दिवसभर समजावले. पोरगी दमली असेल. पण एकदा शंका आली की माणूस मागचे सगळे उकरत बसतो. मागच्या खेपेला आली तेव्हा लुंबिनीने चहा कपाच्या काठावर ओतला होता आणि "कप हलला" म्हणाली होती. मेट्रोचा सरकता जिना जन्मभर धावत चढणारी ही मुलगी, पहिले पाऊल टाकण्याआधी कठड्याला हात लावून थांबली होती. आणि हल्ली बोलताना मान किंचित उजवीकडे वळवून बघायची. दीपमालाला ते नखऱ्याचे वाटले होते. काहीतरी नवीन, कॉलेजातल्या मुलींचे.

खरे तर या मुलीच्या डोळ्यांची काळजी करणे हे दीपमालाचे जुनेच काम होते.

लुंबिनी लहान असताना ते आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचे. दुपारी दीपमाला जाड पडदे ओढून घ्यायची. एक दिवस आतून हाक आली, "आई, भाजीवाला उलटा चाललाय!" दीपमाला कणकेच्या हातांनीच धावली. खोलीत काळोख, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर डोके खाली, पाय वर करून खराखुरा भाजीवाला गाडी ढकलत निघाला होता. पडद्याला भोक पडले होते, त्यातून अख्खी गल्ली उलटी होऊन आत आली होती. दीपमालाने दुसऱ्या दिवशी ते भोक शिवून टाकले. लुंबिनीने रडून घर डोक्यावर घेतले, आणि संध्याकाळी सेफ्टी पिनने नवे भोक पाडले. वडिलांनी, म्हणजे प्रफुल्लने, ते शिवू दिले नाही. "पडदा दुसरा आणू," म्हणाला.

मग डबक्यातल्या पेट्रोलचे रंग बघत बसणे आले. प्रफुल्लच्या ऑफिसची सीडी मोडून तिच्यातून ट्यूबलाइट बघणे आले. "डोळे जातील एक दिवस तुझे," असे दीपमाला किती वेळा म्हणाली असेल याची गणतीच नाही. आया म्हणतात तसे. मनात काही नसताना.

डोळे गेले ते आजोबांचे. भाऊराव, प्रफुल्लचे वडील, चंद्रपूरकडे कोळसा खाणीच्या काट्यावर कामाला होते. ट्रक काट्यावर आला की वजन वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे. साखरेच्या आजाराने त्यांच्या डोळ्याचा पडदा आतून खराब होत गेला, मधोमध दिसेनासे झाले, आणि त्यांनी ते कुणालाही कळू दिले नाही. वजन शेजारच्याकडून हळूच वदवून घ्यायचे. माणसे खोकल्यावरून ओळखायचे. प्रफुल्ल त्यांना नागपूरला घेऊन गेला तेव्हा अकरावीतली लुंबिनीही सोबत होती. डॉक्टरांनी मशीनवर डोळा बघितला आणि म्हणाले, "फार उशीर केलात." बाहेर बाकावर भाऊराव एवढेच बोलले, "सांगितलं असतं तर काट्यावरून काढलं असतं, पोरा."

लुंबिनीने डॉक्टरांना विचारले होते, "हे मशीन चंद्रपूरला का नाही?"

"महाग असतं, बेटा," डॉक्टर हसले होते.

ते हसणे तिच्या डोक्यात बसले असावे. एम.एस्सी. झाली, दिल्लीतल्याच एका मोठ्या संस्थेत प्रकाशाने मोजमाप करण्याच्या विषयात पीएचडीला लागली, आणि तिने हेच काम मागून घेतले. डोळ्यात मंद, जाणवेल न जाणवेल असा उजेड सोडायचा. पडद्याच्या एकेका थरावरून तो परत येतो. त्यावरून कुठला थर किती जाड, कुठे विरला, कुठे फाटला, हे केसाहून बारीक मापात कळते. कापणे नाही, टोचणे नाही. तिला ते मशीन लहान करायचे होते, सुटकेसमध्ये मावेल असे, आणि तालुक्याच्या दवाखान्याला झेपेल अशा किमतीत.

पहिल्या वर्षी तिच्या गाइड वृंदा मॅडमनी विद्यार्थ्यांच्या घरच्यांना लॅब बघायला बोलावले होते. दीपमाला चपला बाहेर काढून आत गेली. हवेच्या पायांवर तरंगणारे जडशीळ टेबल, त्यावर आरसे आणि भिंगे, आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्या रेषा. "अगं बाई, केवढं गार आहे इथे," ती म्हणाली, तशा रेषा थरथरल्या.

"आई, हळू! तुझ्या आवाजाने हलतात त्या."

"माँ की आवाज है भई, उससे तो सब हिलता है," वृंदा मॅडम हसल्या. निघताना त्यांनी आपला नंबर दीपमालाच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून दिला. "कभी भी फोन कीजिए. बस, शादी के लिए छुट्टी मत माँगना."

दाराजवळ खुंट्यांवर रंगीत काचांचे चष्मे ओळीने टांगले होते. दीपमालाने विचारले, "हे घालता ना रोज?"

"घालतो गं."

मशीन चालू झाले त्या आठवड्यात लुंबिनीने मोबाइलवर एक चित्र पाठवले. करडे, काळे, पांढरे थर, एकाखाली एक. प्रफुल्ल बघून म्हणाला, "आपल्या खाणीसारखंच आहे की. वर माती, मग मुरूम, मग कोळसा." मधोमध, कणकेत अंगठा टेकवावा तसा खळगा, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक बारीक उजळ रेघ. डावीकडे रक्तवाहिनीची सावली, कललेल्या काठीसारखी.

"कुणाचा डोळा गं?" दीपमालाने फोनवर विचारले होते.

"एका गरीब विद्यार्थिनीचा. उजवा. पण कुणाला बोलू नकोस हां, स्वतःवर टेस्ट करायची परमिशन नसते."

दीपमालाने सरोजिनी नगरच्या फोटोवाल्याकडून त्याची प्रत काढून आणली आणि फ्रिजवर लावली. बाकीच्या बायका फ्रिजवर नातवंडे लावतात, आपण मुलीच्या डोळ्याचा आतला भाग लावलाय, म्हणून ती स्वतःच हसायची. पोळ्या लाटताना ते चित्र बरोबर समोर यायचे. रोज बघून बघून ते तिला पाठ झाले होते, एखाद्या गावाचा रस्ता होतो तसे.

रविवारी सकाळी लुंबिनी अंघोळीला गेली होती. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. पोह्यांची बशी ठेवायला दीपमालाने तो जरा सरकवला, आणि काळा झालेला पडदा उजळला. तेच चित्र. ओळखीचे माणूस भेटावे तशी ती हसली.

मग हसू विझले. खळगा तोच. कललेली काठी तीच. पण खळग्याखालची उजळ रेघ मधेच तुटली होती. उंदराने दोरा कुरतडावा तशी, आणि तुटल्या जागी एक काळा फुगवटा होता. दीपमालाने फ्रिजवरचा फोटो काढून आणला आणि पडद्याशेजारी धरला.

"आई? काय बघतेस?" लुंबिनी केसांना पंचा गुंडाळून दारात उभी होती.

"हा कुणाचा डोळा?"

"पेशंटचा."

"पेशंटच्या डोळ्यातही डावीकडे अशीच काठी कललेली आहे का?"

लुंबिनी हसायला गेली आणि ते हसू अर्ध्यातच राहिले. खुर्ची ओढून ती बसली. "तुला इमेज वाचायला कुणी शिकवलं यार?"

"लुंबे, काडी का चुकली काल?"

थोडा वेळ ती पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिली. मग सांगू लागली. दिवाळीच्या आधीची गोष्ट. तिच्या मशीनचा उजेड अगदी सौम्य, त्याने काही होत नाही. पण लॅबमध्ये दुसऱ्या प्रयोगासाठी एक जोरदार लेसर आहे, आणि त्याचा किरण डोळ्यांना दिसतच नाही. तो आरशावर नीट आणायचा तर वाटेत एक कार्ड धरावे लागते. किरण पडतो तिथे कार्ड अंधूक चमकते. चष्मा घातला की ती चमक दिसत नाही.

"म्हणून मग जुळवताना सगळेच..."

"सगळेच काय?"

"चष्मा कपाळावर ठेवतात. मिनिटभरच. सगळ्या लॅबमध्ये करतात, आई. त्या दिवशी एक चकचकीत स्क्रू मधे होता, किरण त्याच्यावरून उलटून थेट डोळ्यात आला. टक् असा आवाज आला. डोळ्याच्या आतून. पापड मोडावा तसा."

"दुखलं?"

"बिल्कुल नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

"आणि आता? दिसतं काय?"

लुंबिनीने डावा डोळा हाताने झाकला आणि आईकडे पाहिले. "कडेचं सगळं दिसतं. तुझे कान दिसतात, केस दिसतात, मागचा फ्रिज दिसतो. चेहरा नाही दिसत."

दीपमालाने टेबलाची कड धरली. आवाज शक्य तितका सरळ ठेवून तिने विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"मी स्वतःच दर आठवड्याला इमेज काढते ना. दवाखान्यात याहून वेगळं काय करणार? ही तर माझ्या थीसिसमधली सगळ्यात क्लिअर इमेज आहे, आय स्वेअर."

"म्हणजे दाखवलंच नाहीस."

"आई..."

"तू डॉक्टर आहेस?"

"डॉक्टरच होतेय की." आई हसली नाही हे बघून तिने मान खाली घातली. "आतापर्यंत तेवढंच होतं. या आठवड्यात खाली थोडं पाणी साचल्यासारखं दिसतंय. तो काळा फुगवटा. तो चांगला नसतो. पण बहुतेक जाईल."

"बहुतेक?"

लुंबिनीने लॅपटॉप मिटला. "डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, कसं झालं. लेसर म्हटलं की कागद इन्स्टिट्यूटला. मग चौकशी, लॅबला कुलूप, वृंदा मॅडमना नोटीस. जानेवारीत मशीन चंद्रपूरला जायचंय, सिव्हिल हॉस्पिटलला. तिथले लोक वाट बघतायत. आणि माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते."

"तेवढंच?"

"नाही." ती आता खिडकीबाहेरच्या धुरक्याकडे बघत होती. "मी नवीन होते तेव्हा कॅन्टीनमध्ये एक जण म्हणाला होता, 'इनका तो हो ही जाता है.' नाव न घेता. पण मी ऐकावं म्हणूनच. आता म्हणतील, चष्मा घालायची अक्कल नाही आणि चालले पीएचडी करायला. मला एकटीला नाही म्हणणार, आई. आपल्यातले जे मागून येतील त्या सगळ्यांना म्हणतील."

प्रफुल्लला बढती मिळाली तेव्हा ऑफिसात पेढे खाता खाता कुणीतरी हेच वाक्य म्हटले होते. प्रफुल्ल त्या संध्याकाळी उरलेले पेढे तसेच घरी घेऊन आला होता.

"सबमिट झालं की मी स्वतः जाते दवाखान्यात. प्रॉमिस. तोपर्यंत मॅडमना नाही सांगायचं. बाबांनापण नाही, ते तिकडे शिलाँगला दौऱ्यावर उगाच काळजी करत बसतील. चलेगा ना?"

दीपमाला काही बोलली नाही. आईचे गप्प राहणे म्हणजे होकार, असे लुंबिनी लहानपणापासून धरून चालायची. तिने पोहे संपवले.

दुपारी दीपमाला तिला मेट्रोपर्यंत सोडायला गेली. रस्ता ओलांडताना तिने लुंबिनीच्या उजव्या बाजूने चालायला सुरुवात केली, आणि लुंबिनीनेही ते न बोलता होऊ दिले. स्टेशनाच्या दाराशी दीपमालाला एकदम सुचले.

"मग तो किरण जुळवायचं काम आता कसं करतेस, एका डोळ्याने?"

"मी नाही करत. मयुरा करते. नवीन आलीये ना, नाशिकची, सांगितलं होतं तुला. हात फार छान आहे तिचा."

"चष्मा घालून?"

लुंबिनीने मफलर नीट केला. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चल, येते. जय भीम, आई."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने कठडा चाचपला आणि ती खाली उतरून गेली.

दीपमाला घरी आली. ती घरीच घ्यायची त्या ट्यूशनची मुले यायला अवकाश होता. तिने फ्रिजवर तो फोटो परत लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. प्रफुल्लला फोन करावा का? तो म्हणेल, मी येतो मग बघू. भाऊरावांचाच मुलगा तो. पोटातले ओठावर आणायला त्या घराला वर्षे लागायची. मुलीला पुन्हा समजवावे? ती पुन्हा बहुतेक म्हणेल. आणि उद्या सोमवार. उद्या लॅब उघडणार, आणि नाशिकच्या कुठल्या तरी बाईची मुलगी, जिचे नावही दीपमालाला आजवर नीट लक्षात राहिले नव्हते, चष्मा कपाळावर ठेवून हातात कार्ड धरणार. शेजारी लुंबिनी उभी राहून सांगणार, जरा डावीकडे, अजून जरा.

कपाटावर लुंबिनीचा एम.एस्सी.च्या पदवीदानाचा फोटो होता. दीपमालाने डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्यासमोर अंगठा धरला. टोपी दिसली, काळा झगा दिसला, मागचा मांडव दिसला. अंगठा तिने तसाच धरून ठेवला. हात दुखेपर्यंत.

फोन केला तर पोरगी पुन्हा कधी मनातले सांगणार नाही, हे तिला कळत होते. लॅब बंद पडली तर मशीन जानेवारीत चंद्रपूरला जाणार नाही, आणि तिथे बाकावर बसलेला कुणी भाऊराव अजून वाट बघेल. कॅन्टीनमधला तो माणूस जे म्हणायचे ते म्हणेलच. यातले एकही खोटे नव्हते. लुंबिनीने रात्र रात्र विचार करूनच ते मांडले असणार. पण भाऊरावांचेही काही खोटे नव्हते. काट्यावरून त्यांना खरेच काढले असते. काढले असते तर काय, मुलाने सांभाळले असते, आणि एक डोळा तरी उरला असता.

आणि वृंदा मॅडम? त्या चिडतील, घाबरतील. हात वर करून मोकळ्याही होतील, कोण जाणे. की बाईमाणूस आहे, ऐकून घेईल? एकदाच भेटलेल्या माणसावर किती भरवसा टाकायचा? दीपमालाने आधी लुंबिनीला मेसेज लिहिला. मागून काही करायचे नाही, एवढे तिने ठरवले होते.

"मी वृंदा मॅडमना फोन करते आहे. तू नको म्हणाली होतीस, मी हो म्हणाले नव्हते. उद्या सकाळी मी डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. राग धर, पण ये. आणि मयुराला आत्ताच सांग, उद्या टेबलाला हात लावू नकोस."

मेसेज गेला. क्षणभरात त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, आणि लगेच लुंबिनीचा फोन वाजू लागला. दीपमालाने तो वाजू दिला. उचलला तर ती रडेल, आणि ती रडली की आपण विरघळू, हे दीपमालाला ठाऊक होते. वाजणे थांबले.

मग तिने वृंदा मॅडमचे नाव शोधले. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेले, आजवर कधी न दाबलेले. हिंदीतले पहिले वाक्य तिने मनात जुळवले, आणि आवाज कापू नये म्हणून एकदा मोठ्याने म्हणून पाहिले.

"मॅडम, मैं लुंबिनी की माँ बोल रही हूँ. शादी की छुट्टी के लिए फोन नहीं किया है."

बाहेर ट्यूशनच्या मुलांनी बेल वाजवली. "रुको बेटा, दो मिनट," तिने आतूनच सांगितले, आणि नंबर दाबला.